मनगटावरचं नाव

१९ ऑक्टोबर

एझ्रा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहिते आहे. पत्र न उघडता ठेवलंस तरी ते घरात पडून राहील, आणि एखाद्या कंटाळवाण्या दुपारी तू ते वाचशील, असा माझा अंदाज आहे.

झालं ते एकदाच, क्रमाने लिहिते. मधल्या आठवड्यात तुमचा फुटबॉलचा सामना नव्हता म्हणून तू घरी आलास. उजवा खांदा दुखतो हे तुला संघाच्या डॉक्टरांना कळू द्यायचं नव्हतं. म्हणून आपल्या गावच्या डॉक्टर मॅबरींनी आमच्या हॉस्पिटलात तुझा एमआरआय करायला सांगितला. मशीन मी चालवलं. आत पडल्या पडल्या तू दोनदा विचारलंस, "कोरा, काय दिसतंय?" मी म्हणाले, "हलू नकोस. डॉक्टर सांगतील." माझ्या कामाचा तो नियम आहे. चित्र काढणाऱ्याने चित्राचा अर्थ सांगायचा नाही आणि चेहऱ्यावरही दिसू द्यायचा नाही. तू बाहेर आलास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "मीसुद्धा तुला पेशंटच."

खांद्याच्या खोबणीची कड फाटली आहे आणि शस्त्रक्रिया लागेल, हे डॉक्टरांनी तुला सांगितलं. तू ते घरी जेवताना आईला आणि मला सांगितलंस. मोसम संपेपर्यंत खेळणार, हेही सांगितलंस. तू परत जाऊन पोचतोस न पोचतोस तोच रेडिओवाला बोलत होता: आतल्या माणसाकडून कळतं की, एझ्रा लॅथमचा चेंडू फेकायचा हात कामातून गेला आहे.

आतली माणसं थोडीच होती. त्यातली कोण, हे तू ठरवून टाकलंस.

मी सांगितलं नाही. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही.

हॉस्पिटलातून येताना गाडीत तू म्हणाला होतास, "गावात माझ्याबद्दल काय बोलतात ते मला कोणी खरं सांगत नाही, सगळे नुसती पाठ थोपटतात." ते काम मला जमण्यासारखं आहे. आज सकाळी डूलीच्या पेट्रोल पंपावर कॉफी घ्यायला थांबले. मागच्या काउंटरवर नेहमीची मंडळी ग्रेव्हीत बुडवलेली गरम, पावासारखी बिस्किटं खात बसली होती. डूलीने पंपाबाहेरच्या पाटीवर पेट्रोलच्या भावाखाली लिहिलंय, 'एझ्रा १, डॉक्टर ०'.

"चौदा पास टाकले, पोचले सहा," कोच प्रूइट म्हणत होते. "सहा! आमची आजी चष्मा काढून याहून बरं फेकायची."

"आणि जिंकलं कोण?" डूलीने तव्यावरून मागे न वळता विचारलं.

"बचावफळी जिंकली. अकरा जणांनी घाम गाळला आणि कॅमेरा कुठे, तर याच्या मनगटावर."

"कोच, मनगटावर नाव कोणाचं होतं ठाऊक आहे का? ओहायोतल्या एका आजारी पोरीचं, तिच्यासाठी प्रार्थना करून खेळला तो. परवा ती हॉस्पिटलातून घरी गेली, चालत."

"गेली ना? देवाची कृपा. पण पोरगी चालायला लागली म्हणून पास पोचतो का रे?"

"तुम्ही त्याला चार वर्षं शिकवलंत, आणि तुम्हीच असं बोलता!"

"शिकवलं म्हणून तर बोलतो. पळायला हरीण आहे. फेकायला लागला की गोळी लागलेलं बदक." मग त्यांना मी दिसले. "कोरा, पोरी, तुझ्या भावाबद्दल बोललो, राग मानू नकोस."

"नाही मानत," मी म्हणाले.

"तुला काय वाटतं पण? तू तर आतून बघितलंयस त्याला."

सगळा काउंटर माझ्या तोंडाकडे बघत होता. मी कॉफी घेतली आणि निघाले.

कोरा


२८ ऑक्टोबर

एझ्रा,

रविवारी तुम्ही जिंकलात. ब्रदर हॉलिसनी प्रवचन लवकर आटपलं, शेवटची प्रार्थना तर जवळजवळ चालता चालताच केली, आणि सगळे चर्चच्या मागच्या हॉलमध्ये पडद्यासमोर बसले. सामन्याआधी तुझ्या खांद्यात दुखणं मारायची सुई टोचली असणार. पहिला अर्धा वेळ तू हात मोकळा वापरत होतास, नंतर नाही. बाकीच्यांना ते दिसलं की नाही मला माहीत नाही. ते टाळ्या वाजवत होते.

चर्चमधल्या बुधवारच्या जेवणाला मी आईबरोबर जाते, तुला ठाऊक आहे ते. तळलेली कोंबडी, मॅकरोनी, केळ्याचं पुडिंग, मग प्रार्थनेच्या विनंत्या. तुझा खांदा दर बुधवारी पहिला असतो. मग कोणाचं पित्ताशय, कोणाची नोकरी. प्रार्थनेची साखळीही तशीच चालू आहे. मिस ऑडेट सकाळी पहिला फोन करते, तो घेणारी बाई पुढच्या दोघींना, आणि दुपारपर्यंत सगळी काउंटी एकाच दुखण्यासाठी डोळे मिटून बसते.

मिस ऑडेटने मला पुडिंग वाढताना कोपऱ्यात घेतलं.

"कोरा, राणी, तू फार थकलेली दिसतेस."

"आहे थोडी."

"भावाचं ओझं असतंच गं. पण मी म्हणते, एवढा मोठा खेळाडू, एवढं नाव, आणि तरी मनगटावर दुसऱ्याचं नाव लिहितो. असा मुलगा देव कसा मोडू देईल?"

"मिस ऑडेट, खांदा सगळ्यांचा सारखाच असतो."

"बघ, हेच. तुम्हा मशीनवाल्यांचं हेच."

मनगटावर लिहायला तुझ्याकडे पाठवायची नावं अजून आईच निवडते. लोकांची पत्रं खोक्यांनी येतात. जेवणाच्या टेबलावर आता दोघींची ताटं मावतील एवढीच जागा आहे. पण या आठवड्यात तिने एकही पत्र उघडलेलं नाही. फोन वाजला की ती अंगणात जाते. मिस ऑडेटचा असला तर नक्कीच.

तुझ्या खांद्याचं कुठून बाहेर गेलं हे मला आता कळलं आहे. लिहिणार नाही. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि त्याच्यावर रागावणं तुला माझ्यावर रागावण्याइतकं सोपं जाणार नाही. तेव्हा माझ्यावरच राहू दे.

जेवायच्या खोलीत खिडकीपाशी बसून लिहिते आहे. सध्या दिवसा घरीच असते.

कोरा


५ नोव्हेंबर

एझ्रा,

आईकडून निरोप मिळाला. 'कोराला सांग, पत्रं पुरे.' निरोप पोचवताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मला तिलाच पाणी द्यावं लागलं.

एक पत्र आणखी लिहिते, कारण मला काहीतरी दिसलं आहे.

रविवारी सामन्यात तू मैदानात आलास तेव्हा कॅमेऱ्याने नेहमीसारखं तुझं डावं मनगट दाखवलं. पांढऱ्या पट्टीवर काळ्या शाईत नाव होतं, 'लुसिंडा'. हॉलमध्ये बायका लगेच कुजबुजायला लागल्या, कोण असेल बिचारी. ते अक्षर तुझं नव्हतं. तू मोठी अक्षरं उभी काढतोस आणि शेवटचं नेहमी खाली घसरतं, दुसरीपासून. हे नाव कोणीतरी सुबक, तिरक्या अक्षरात लिहून दिलं होतं.

हे नाव दुसऱ्याने लिहायचं नाही, असा तुझाच नियम आहे. आजारी असतानाही तू तो मोडला नाहीस. म्हणजे पेन धरता येत नाही, किंवा बोटं बधिर होतात. तिसऱ्या टप्प्यात चेंडू तुझ्या हातातून निसटला तो पाऊस होता म्हणून, असं समालोचक म्हणाला. मी प्रत्येक फेक पुन्हा लावून पाहिली. चेंडू कोरडा होता. मैदानावरचा पोऱ्या दर वेळी पुसून देत होता.

मी डॉक्टर नाही. अर्थ लावायचा मला अधिकार नाही. पण एवढं विचारू शकते: बोटं बधिर होतात का? होत असतील तर आजच डॉक्टरांना सांग. तुझ्या संघाच्या नव्हे, खांद्याच्या.

डूलीकडे काय बोलतात तेही लिहायचं ठरलं होतं. आज वाद पेटला होता. डूली म्हणाला, दुखऱ्या हाताने जिंकतो यातच त्याची श्रद्धा दिसते. कोच म्हणाले, "श्रद्धा असेल रे, पण ती त्याची. हात संघाचा आहे. संघमालक त्याला बसवत का नाही? तो बसला तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. लोक नाव बघायला येतात, खेळ बघायला नाही."

"तुम्हाला त्याचं नाव झालेलं बघवत नाही, कोच."

"डूली, मला त्या पोराच्या हाताने चाळिशीत कॉफीचा कप उचललेला बघायचाय. तेवढं बघवेल."

डूलीने सगळ्यांचे कप पुन्हा भरले.

आणि मी दिवसा घरी का असते, ते. रेडिओवर बातमी गेल्यापासून हॉस्पिटलने मला घरी बसवलं आहे. पेशंटची माहिती बाहेर गेली, चौकशी चालू आहे. नियमाने ते बरोबरच आहे. त्यांच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. मला फक्त कंटाळा आला आहे, आणि आईसमोर दिवसभर कंटाळलेलं न दिसण्याचाही.

कोरा


१३ नोव्हेंबर

एझ्रा,

आज जे झालं ते तुला आई सांगेल की नाही माहीत नाही. साखळीतून तुझ्यापर्यंत पोचायच्या आत मी लिहिते.

बुधवारचं जेवण झालं. ब्रदर हॉलिसनी तुझ्या खांद्यासाठी प्रार्थना केली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "आणखी कोणाची विनंती?"

आई उभी राहिली. तिच्या हातात रिकामी डिश होती, ती ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"विनंती नाही, ब्रदर हॉलिस. मला सांगायचंय."

"सांगा, मिस विल्मा."

"रेडिओवर गेलं ते माझ्या मुलीने सांगितलं नाही. ते मी साखळीला दिलं. एझ्रा जेवून उठला आणि मी ऑडेटला फोन केला. नाव घेतलं नाही. एका मुलाच्या उजव्या खांद्यासाठी प्रार्थना करा, एवढंच म्हटलं. तो म्हणाला होता कोणाला सांगू नकोस. मी कोणाला सांगितलं नाही. मी प्रार्थनेला दिलं. मला वाटलं, ते सांगणं नव्हे."

मग मिस ऑडेट, अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "विल्मा, नाव कशाला घ्यायला हवं होतं? या काउंटीत उजवा खांदा एकच आहे."

काही जण हसले. वाईट मनाने नाही. पण आईचा चेहरा मला बघवला नाही.

"हसा," ती म्हणाली. "माझी पोरगी महिनाभर घरी बसलीय. मी केलं म्हणून. आणि तिने मला एका शब्दाने विचारलं नाही."

आता मिस ऑडेटचाही रंग उतरला. तिचा भाचा रेडिओवर आहे, तुला माहीत आहे. "मी त्याला फक्त प्रार्थना कर म्हटलं होतं," ती म्हणाली. "नेहमी सांगते मी त्याला. तो कधी करत नाही."

ब्रदर हॉलिसनी कोणालाही दोष दिला नाही. आईजवळ येऊन तिच्या हातातली डिश घेतली आणि म्हणाले, उद्या सकाळी मी तुमच्याबरोबर हॉस्पिटलात येतो, हेच तिथे सांगू.

परतताना गाडी मी चालवत होते. कापूस गोदामाच्या वळणावर आई बोलली.

"आता एझ्रा मला फोन करायचा नाही."

"करेल."

"तुला कसं माहीत?"

"माहीत नाही."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू आतलं चित्र पाहिलंयस. तो असाच खेळत राहिला तर काय होईल?"

"डॉक्टर मॅबरींना विचार."

"मी डॉक्टरला विचारत नाहीये. डॉक्टरला विचारायचं तर मी डॉक्टरकडे गेले असते. मी त्याच्या बहिणीला विचारतेय, कोरा. बहीण आहेस ना?"

मी गाडी बाजूला घेतली. आणि सांगितलं.

तिला सांगितलं ते तुलाही लिहिते. नंतर दुसऱ्याच कोणाकडून तुला वेगळं काही कळायला नको. फाटलेली कड पुढपर्यंत गेलेली आहे. हाडाच्या गोळ्याला आवळून धरणारं तिथे फार थोडं उरलं आहे. तू फेकलेल्या प्रत्येक लांब पासाबरोबर तो गोळा खोबणीतून थोडा बाहेर सरकतो आणि शेजारच्या नसांवर घासतो. म्हणून बोटं. आता शस्त्रक्रिया झाली तर रोजच्या वापराचा हात तुला परत मिळेल. मोसम संपेपर्यंत थांबलास तर तोही मिळेल असं मला वाटत नाही. हात जाईल, एझ्रा.

चित्र पाहिलं त्या दिवशीच मला एवढं कळलं होतं. सांगायचा अधिकार तेव्हाही नव्हता, आजही नाही.

कोरा


१९ नोव्हेंबर

एझ्रा,

आईला तू फोन केलास. ती न्हाणीघरात जाऊन बोलली, नळ सोडून, तरी मला तिचं रडणं ऐकू आलं. बाहेर येऊन म्हणाली, "रागावला नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आई, तू जेवलीस का?" रविवारपर्यंत ती हेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती.

हॉस्पिटलचंही मिटलं. सोमवारपासून मी कामावर आहे. आई आणि ब्रदर हॉलिस तिथे काय बोलले ते मला कोणी सांगत नाही, पण आमच्या विभागप्रमुख बाई मला भेटल्यावर आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "तुमच्याकडे प्रार्थनाही भारी पडते."

सामना आम्ही हॉलमध्येच पाहिला. मी शेवटच्या रांगेत होते. पहिल्या तीन पासांत तू लांब फेकायचं टाळलंस. मग ती चाल आली, उजवीकडून पळत लांब फेकायची. तुझी माणसं पळाली. तू हात मागे नेलास, आणि खाली घेतलास. चेंडू छातीशी धरून जमिनीवर बसलास. विरोधी खेळाडूंनी तुला नुसता हात लावला, चाल तिथेच संपली.

तू उठलास आणि रेषेकडे चालत निघालास. प्रशिक्षक ओरडत होते. हॉलमध्ये मिस ऑडेट म्हणाली, "आता काय, आता काय?" तुझ्या जागी येणारा केलर हेल्मेट चढवत होता. तू त्याला थांबवलंस, आपल्या मनगटावरची पट्टी दातांनी सोडवलीस आणि त्याच्या मनगटाला गुंडाळलीस. एका हाताने नीट जमेना, तर त्याने दुसरं टोक धरलं. नंतर तू बाकावर जाऊन बसलास आणि डोक्यावर टॉवेल घेतलास.

आईने माझा हात धरला. मी धरू दिला.

केलरने सामना जिंकून दिला. एक पास तर असा टाकला की हॉलमध्ये क्षणभर कोणी टाळीही वाजवली नाही. चेंडू सरळ, फिरकी घट्ट, पडायचा तिथेच पडला. टॉवेल काढून, रेषेपाशी उभा राहून तू पाहिलास तो, मला दिसलं.

आज सकाळी डूलीकडे काय चाललं असेल ते तुला कळेलच.

"पळाला!" डूलीचा पुतण्या म्हणाला. "बारा आठवडे देव देव, आणि दुखलं तर बाकावर."

"पळाला नाही, पट्टी दिली," डूली म्हणाला. "नावाचं काम झालं की नाही? जिंकले की नाही? नाव खरं, हात कोणाचाही असो."

"डूली," कोच म्हणाले, "केलरचा हात तुझ्या एझ्रापेक्षा चांगला आहे. पट्टीच्या जागी डिंक लावला असता तरी पास पोचला असता."

"मग पट्टी नसताना मागच्या मोसमात तोच केलर का हरला?"

कोचनी कॉफीचा कप तोंडाला लावला. डूली इतका खूश झाला की त्याने एक बिस्किट करपवलं. मला बोलायची काही गरज नव्हती. मी कॉफी घेऊन कामावर गेले.

कोरा


३ डिसेंबर

एझ्रा,

शस्त्रक्रिया चांगली झाली, आईने तुझ्याकडून फोनवर सांगितलं. तुझ्या घरातली भांडी तिने घासली असतील आणि कपाटंही लावली असतील. तुला काही सापडणार नाही. तिला थांबवू नकोस.

तिने आणखी एक सांगितलं. शुद्धीवर येताच तू विचारलंस, "कोराला विचार, मी खरंच चांगला होतो का?" भूल उतरताना विचारलं असशील आणि आता आठवत नसेल तर हे पत्र इथेच ठेवून दे. आठवत असेल तर वाच. सर्जन म्हणाले की तू पुन्हा तसा फेकणार नाहीस, म्हणून 'होतास' असंच लिहिते.

तू चांगला होतास. फार चांगला नव्हतास. जवळचे पास तू वेळेवर टाकायचास, आणि दबावाखाली तुझी नजर स्थिर राहायची. ते दुर्मिळ आहे. पळताना तुला पकडणं कोणालाच सोपं नव्हतं. लांबचा पास तू खांद्याने नाही, सगळ्या अंगाने ढकलायचास. कोपर उशिरा पुढे यायचं, म्हणून चेंडू डगमगायचा. कोच प्रूइट हे पहिल्यापासून सांगत होते आणि ते बरोबर होते. वर्षानुवर्षं तसंच फेकून खांदा फाटला. त्यात देवाचा हात होता की नव्हता, हे माझ्या मशीनला दिसत नाही.

तुझं नाव तुझ्या खेळापेक्षा मोठं झालं होतं. तुलाही ते माहीत होतं, असं मला वाटतं. थांबायला तुला इतका वेळ लागला तो त्यामुळेच. तू थांबलास तर एवढ्या आजारी माणसांचं काय, असं तुला वाटत असणार. त्याबद्दल मला सांगता येण्यासारखं थोडं आहे. पट्टीवर ज्यांची नावं होती त्यांतले काही बरे झाले, काही गेले. गेलेल्यांच्या घरून येणारी पत्रं आई वेगळ्या खोक्यात ठेवते. ती इथे नसताना मी सगळी वाचली. त्यांत तुझ्या फेकीबद्दल कोणी काही लिहिलेलं नाही. एकाने लिहिलंय, आमच्या वडिलांनी शेवटचा रविवार उशीला टेकून बसून काढला, नाव दिसेल म्हणून.

आणखी एक. तू मैदानात असलास की तुझ्या संघातले सगळे थोडे जास्त जोरात पळायचे. हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही. पण मी एकही सामना चुकवला नाही, आणि ते दर वेळी दिसायचं.

झालं माझं उत्तर. याहून चांगलं हवं असेल तर दुसऱ्या कोणाला विचार.

आज सकाळी डूलीकडे लाकडं वाहणारा एक ट्रकवाला आला होता, बाहेरगावचा. पंपावरची पाटी डूलीने अजून बदललेली नाही, ती बघून तो हसला. "काय तुमचा तो प्रार्थनावाला? बसला ना घरी? नाव तेवढं मोठं. चाळीस यार्डसुद्धा कधी फेकलं नाही त्याने."

डूली तव्याकडे बघत राहिला. त्याला उत्तर द्यायचं होतं, पण आकडे त्याच्याकडे नसतात. कोच प्रूइट कॉफीत साखर ढवळत होते. आकडे त्यांच्याकडे आहेत.

"तो साठ यार्ड फेकायचा," मी म्हणाले. "वाऱ्याच्या विरुद्ध."

एझ्रा, तू पंचेचाळीसच्या पुढे कधीही गेला नाहीस. हे मला माहीत आहे, डूलीला अंदाज आहे, आणि कोचना तर कोणापेक्षाही जास्त. काउंटरवरचे सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मी तिथे कॉफीशिवाय दुसरं काही मागितलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

"साठ?" ट्रकवाला म्हणाला. "बाई, काहीही सांगू नका. टोपीवर लिहिलंय, तुम्ही कोच ना? तुम्ही सांगा. साठ फेकायचा तो?"

कोचनी चमचा बाहेर काढला, पुसला आणि बशीत ठेवला.

"साठ नाही," ते म्हणाले. "सत्तर."

कोरा